जिप्सी, एकास चोवीस

मध्य प्रदेशातल्या कान्हा व्याघ्रप्रकल्पाच्या मुक्की प्रवेशद्वारावर पहाटे उघड्या जिप्सींची रांग लागते. हे द्वार बालाघाट जिल्ह्याच्या बैहर तहसिलीत आहे. आलेल्या माणसाचे डोळे वाघासाठी आसुसलेले असतात, त्यामुळे ज्या गाडीत तो तासन् तास बसतो तिच्याकडे तो धड पाहतही नाही. या प्रकरणात वाघ नाही. गाडी आहे, आणि ती आपल्याला टेबलावर उभी करायची आहे.

मारुती जिप्सी किंगची लांबी ४,०१० मिलिमीटर, रुंदी १,५४०, उंची १,८७५. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधलं अंतर २,३७५. या चारही आकड्यांना २४ ने भागलं की १६७, ६४, ७८ आणि ९९ मिलिमीटर येतात. एवढी गाडी दोन तळहातांवर सहज मावते. खेळण्यातली मोटार मोटारीसारखी दिसली की झालं. मॉडेलचं तसं नाही. त्याचं बंपर, आरसा, नंबरप्लेट, दाराची कडी, सगळं एकाच आकड्याने भागलेलं असावं लागतं. एक भाग जरी दुसऱ्या प्रमाणात आला तरी डोळ्याला ते खुपतं, मग कारण सांगता येवो न येवो.

हे २४ आलं कुठून? एका फुटाला अर्धा इंच, असा तो साधा हिशेब आहे. मॉडेलांचं दुसरं नेहमीचं प्रमाण एकास त्रेचाळीस. त्या ४३ चा हिशेब मात्र रेल्वेतून आला. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांची मेकॅनो कंपनी खेळण्यातल्या आगगाड्या करायची. त्यांत फुटाला सात मिलिमीटर असं माप असे. स्टेशनाबाहेर उभ्या करायला त्यांनी १९३३ च्या अखेरीस छोट्या धातूच्या मोटारी काढल्या आणि १९३४ मध्ये त्यांना डिंकी टॉइज हे नाव मिळालं. फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. त्याला सातने भागा, साडेत्रेचाळीस येतात. जगभरच्या संग्राहकांच्या कपाटांत आज एकास त्रेचाळीसच्या ज्या असंख्य गाड्या आहेत, त्यांचं मूळ त्या आगगाडीच्या फलाटाशी आहे.

प्रमाणाची खरी गंमत लांबी-रुंदीत कळत नाही, ती जाडीत कळते. मोटारीचा पत्रा सुमारे ०.८ मिलिमीटर जाड असतो. चोवीसने भागल्यावर तो ०.०३ मिलिमीटर व्हायला हवा. इतकं पातळ प्लास्टिक साच्यात ओतता येत नाही. सुट्या भागांच्या किटमधून जोडलेल्या गाडीची भिंत एक मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे खऱ्या गाडीला एक इंच जाडीचा पत्रा ठोकल्यासारखं झालं. म्हणून कसलेला माणूस चाकावरच्या कमानीची कड आतल्या बाजूने कानशीने घासून धारेसारखी पातळ करतो. आतली जाडी तशीच राहते, पण डोळा कडेवरूनच जाडी ठरवतो, त्यामुळे गाडी पत्र्याची वाटू लागते. दार आणि बॉडी यांच्यातली फट खऱ्या गाडीत पाचेक मिलिमीटर असते, तर मॉडेलवर ०.२. रंगाचं तर विचारूच नका. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर प्राइमरपासून वरच्या चकाकीपर्यंत सगळे थर मिळून सुमारे ०.१ मिलिमीटर भरतात. त्याचा चोविसावा भाग म्हणजे चार मायक्रॉन. ब्रशने एक जाड हात मारला की दाराची फट बुजलीच म्हणून समजा. रंगकामाचे सगळे नियम या एका भागाकारातून निघतात.

किट कसं जन्मलं ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारविक्रेते नव्या गाडीची लहान प्रतिकृती ग्राहकाच्या मुलांना द्यायचे. त्या करणाऱ्या एएमटी कंपनीने १९५८ मध्ये त्याच गाड्या सुट्या भागांत, एकास पंचवीस प्रमाणात विकायला सुरुवात केली. जपानमध्ये शिझुओका इथली तामिया ही मुळात १९४६ ची लाकडाची गिरणी. लाकडी मॉडेलं करता करता ती १९६० मध्ये प्लास्टिककडे वळली आणि १९६७ मध्ये होंडाच्या फॉर्म्युला वन गाडीचं एकास बाराचं किट काढून तिने सगळ्यांचे डोळे दिपवले.

पण मला या इतिहासात सगळ्यांत मोलाची वाटते ती एक स्पर्धा. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० मध्ये अमेरिकेतल्या मुलांसाठी कारागिरीची स्पर्धा सुरू केली. आधी नेपोलियनकालीन घोडागाडीची प्रतिकृती करायची असे, १९३७ पासून मुलांनी स्वतः कल्पिलेली मोटार एकास बारा प्रमाणात घडवायची. लाकूड, माती, प्लास्टर, काहीही चाले. बक्षीस म्हणून महाविद्यालयाच्या शिक्षणाचा खर्च मिळे. १९६८ पर्यंत ही स्पर्धा चालली. १९४७ चा विजेता चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या साऱ्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. मुलाने बोटांनी घडवलेल्या वस्तूकडे एका उद्योगाने इतक्या गांभीर्याने पाहिलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. आपल्याकडच्या मोटारकंपन्यांनीही असं काही करावं.

आपल्याकडे या छंदाची वाट अरुंदच राहिली. साठच्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्यात डिंकीचे जुने साचे आणून निकी टॉइज नावाने धातूच्या गाड्या ओतल्या जात. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरची संख्येची बंधनं २००१ च्या एप्रिलमध्ये उठली. तोवर परदेशी किट म्हणजे बाहेरून आलेल्या नातेवाइकाची बॅग, एवढाच मार्ग होता. पुढे खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं. सीमाशुल्काच्या यादीत प्रमाणबद्ध मॉडेलं खेळण्यांच्याच सदरात येतात, त्यामुळे पन्नाशीतल्या माणसाने मागवलेलं किटही कर भरताना खेळणंच ठरतं.

मात्र रंगवलेली, चाकांवरची प्रतिकृती या मुलखाला नवी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. नागपूर, भंडारा, गोंदिया आणि वैनगंगेकाठच्या बालाघाटात मुलं लाकडी बैल दोरीने ओढत नेतात. ही प्रथा नागपूरकर भोसल्यांच्या दुसऱ्या रघुजींनी १८०६ मध्ये सुरू केली असं मानतात. या बैलाला पाय आहेतच, पण खाली चार चाकंही आहेत. सुतार वशिंड मुद्दाम मोठं घेतो, शिंगं उंच काढतो, मान ताठ ठेवतो, डोळा काजळ घातल्यासारखा रंगवतो. बैलात जे मनात भरतं ते तो वाढवतो आणि बाकीचं सोडून देतो. मोजपट्टी लावली तर त्यातलं एकही माप जुळणार नाही, तरी तो बैल सच्चा वाटतो. प्रमाणबद्ध मॉडेल करणाऱ्याने याच्या उलट व्रत घेतलेलं असतं. आपल्याला आवडणारं काहीही वाढवायचं नाही. दोन्ही कारागिरांना मी सारखाच मान देतो, आणि रंगाकडे आल्यावर मॉडेलवाल्यालाही सुताराकडून थोडं शिकावं लागतं, ते पुढे येईलच.

आता जिप्सी. १९८५ मध्ये ती आली तेव्हा तिचं इंजिन ९७० सीसीचं होतं, १९९६ च्या किंगमध्ये १,३०० सीसीचं आलं. २०१९ च्या सुमारास तिची सर्वसामान्य विक्री थांबली. जिप्सीचं सोयीस्कर किट बाजारात शोधत बसू नका. तिची जपानी बहीण मात्र मिळते. हासेगावा कंपनी सुझुकी जिम्नीच्या जेए-११ या रूपाचं एकास चोवीसचं किट काढते. शिडीसारखी चौकट, पुढेमागे पाट्यांच्या स्प्रिंगा, चौकोनी दारं, सरळ काच, हे सगळं जिप्सीच्या घराण्याचंच आहे. फरक मुख्यतः लांबीत आहे. जिम्नीच्या आसांमधलं अंतर २,०३० मिलिमीटर, जिप्सीचं २,३७५. म्हणजे ३४५ मिलिमीटरची वाढ, आणि चोवीसने भागल्यावर १४.४. तेव्हा जपानी किट दारामागे करवतीने कापायचं, चौकटही तिथेच कापायची आणि दोन्हींत साडेचौदा मिलिमीटरला किंचित कमी असा प्लास्टिकचा तुकडा बसवायचा. जास्तीची रुंदी मुख्यतः चाकांवरच्या रुंद पट्ट्यांमुळे येते. दोन्ही बाजूंना मिळून सहा मिलिमीटरची भर घातली की ती साधते.

किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरिन असतं. ते जोडायचं सिमेंट खरं तर चिकटवत नाही, ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवतं. द्रावक उडून गेला की दोन्ही तुकड्यांचं प्लास्टिक एकजीव होऊन बसतं. म्हणून सांध्याला फेविक्विक लावण्याची घाई करू नये. फेविक्विक पकडतो पटकन, पण ठिसूळ असतो आणि घासताना भोवतालच्या प्लास्टिकपेक्षा कठीण लागतो, मग तिथे उंचवटा राहतो. भरायच्या तुकड्यासाठी किटचे भाग ज्या सांगाड्याला जोडून येतात त्याचं उरलेलं प्लास्टिक वापरावं, कारण ते त्याच सिमेंटला दाद देतं. फ्लेक्स-बोर्डवाल्यांकडे उरणाऱ्या सनबोर्डच्या तुकड्यांतून कच्चा नमुना जरूर करून पाहावा. तिथे चूक फुकट असते.

सफारीच्या जिप्सीत मागे बाकांच्या उंचावलेल्या दोन रांगा आणि लोखंडी पाइपांचा आधार असतो. एक इंची पाइप चोविसाव्या हिश्श्यात एक मिलिमीटरचा होतो. मोटार-वाइंडिंगच्या दुकानात १९ गेजची तांब्याची तार मागा, तिची जाडी १.०१६ मिलिमीटर असते. तांबं वाकवायला मऊ, आणि तारेवरचं वार्निश खरवडलं की सोल्डर धरायला तयार. मलाजखंडची तांब्याची मोठी खाण याच जिल्ह्यात आहे, तेव्हा बालाघाटच्या गाडीला तांब्याचा सांगाडा शोभतोही. बाकांना रेक्झिन लावण्याचा मोह टाळा. एक मिलिमीटरचं रेक्झिन म्हणजे इंचभर जाडीचं कातडं. पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवलेला टिश्यू कागद बाकावर पसरला तर सुकताना बसून बसून मळलेल्या गादीसारख्या सुरकुत्या आपोआप पडतात.

रंगाला हात लावण्याआधी सगळे भाग साबणाच्या पाण्याने धुवावेत. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर प्लास्टिकवर राहिलेला असतो आणि रंग त्याच्यावरून घसरतो. मग प्राइमर, तोही उडत्या हाताने. डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग सुंदर बसतो, पण त्याचा थिनर उघड्या पॉलिस्टायरिनला खातो आणि पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पाडतो. पहिले दोन-तीन हात इतके विरळ हवेत की ते प्लास्टिकवर पोहोचेपर्यंत जवळजवळ सुकलेले असतील. नंतर ८०० नंबरचा वॉटर पेपर, पुन्हा पातळ हात, शेवटी २,००० चा. गॅरेजमधला हार्डनर घालायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मात्र घरात फवारू नका. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडतो, आणि साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. मुलं असलेल्या घरात कॅम्लिनचे पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक रंग आणि उघडी खिडकी एवढंच असावं. तेवढ्या साधनांतही उत्तम काम होतं.

बालाघाटच्या हवेत रंगाचं वेळापत्रक ऋतूच ठरवतात. पावसाळ्यात, १ जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, कान्हाचा गाभा बंद असतो. गाड्या विसाव्याला असतात आणि मोजमापं घ्यायला मालकाकडेही वेळ असतो. कापणं, जोडणं, घासणं हे तेव्हाच करावं. फवारणी मात्र करू नये. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभागाची उष्णता शोषून घेतो, थंड झालेल्या पृष्ठभागावर दमट हवेतलं पाणी धरतं आणि ओल्या रंगात अडकून पांढुरका धुरकटपणा येतो. गॅरेजवाले यावर सावकाश उडणारा थिनर मिसळतात. तरीही श्रावणातल्या झडीत चकाकता काळा रंग मारण्याचं धाडस मी कुणाला सुचवणार नाही. उन्हाळ्याचा त्रास उलट असतो. मे महिन्याच्या दुपारी रंगाचा थेंब नळीतून निघून गाडीपर्यंत जाता जाताच सुकतो आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं मॉडेल वाकडंही होतं. दिवाळी संपल्यापासून होळीपर्यंतच्या सकाळी, दव ओसरल्यावर, हीच रंगाची खरी वेळ.

जंगलात फिरणाऱ्या बऱ्याच जिप्सी हिरव्या रंगवलेल्या असतात. गाडीचाच उरलेला रंग गॅरेजमधून आणून मॉडेलला लावला तर ते काळवंडलेलं दिसतं. कारण अंतराचं आहे. खरी गाडी आपण दहा-वीस पावलांवरून पाहतो, मधल्या हवेने आणि मोठ्या पृष्ठभागावरच्या उजेडाने रंग फिका झालेला असतो. मॉडेल वीतभर अंतरावर असतं. म्हणून हिरव्यात थोडा पांढरा किंवा मातकट पिवळा मिसळून तो उजळ करायचा. मापात तसूभर न हलणारा माणूस इथे रंग बदलतो, आणि तसं केल्यावरच तो रंग खरा दिसतो. तान्ह्या पोळ्याच्या सुताराकडून शिकायचं म्हटलं ते हेच. डोळ्याला काय पोहोचतं याचा विचार त्याने आधीच केलेला असतो.

शेवटचा हात धुळीचा. या कामाला मी बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ देतो, कारण गाडी कुठली आहे हे धूळच सांगते. बैहरकडच्या रस्त्याची तांबूस, भरवेलीच्या मँगनीज खाणीकडच्या ट्रकांवरची काळपट, एकीच्या जागी दुसरी खपत नाही. खरी माती वापरता येते, पण चाळून भागत नाही. दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण या प्रमाणात अडीच मिलिमीटरचा खडा होतो. माती ग्लासभर पाण्यात ढवळायची, मिनिटभर थांबायचं, जड कण खाली बसले की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात निथळायचं आणि ते सुकू द्यायचं. या दुसऱ्या भांड्याच्या तळाशी उरते ती पिठासारखी माती मऊ ब्रशने लावायची. कुठे लावायची हे गाडी पाहून ठरवा. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि उडालेली धूळ वळून मागच्या फळीवर बसते, म्हणून जिप्सीची पाठ तोंडापेक्षा मळकी असते. काचेवर वायपरने पुसलेला कमानीचा तुकडा स्वच्छ असतो. पर्यटक जिथे हात धरून चढतात त्या पाइपाचा रंग उडून लोखंड चमकतं. पायरीची कड झिजलेली असते. एवढं जमलं की मॉडेलला नाव लिहिलेली पाटी लागत नाही.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे एकास सत्त्याऐंशीच्या प्रमाणात अख्खं शहर, रेल्वे आणि रस्ते चालताना दिसतात. एका माणसाचा छंद किती लोकांच्या उपयोगाचा होऊ शकतो ते पाहायला प्रत्येक मुलाला तिथे न्यावं. पण तिथून परतताना मला नेहमी बालाघाटची छोटी लाइन आठवते. गोंदिया ते जबलपूर ही अडीच फुटी रुळांची वाट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल-नागपूर रेल्वेने टाकली आणि २०१५ मध्ये बालाघाटच्या पुढच्या भागातली छोटी गाडी थांबली. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय २००२ मध्ये झालं, म्हणून काही इंजिनं आणि डबे तरी उरले. रस्त्यावरच्या गाड्यांना असं मोतीबाग नाही. जिप्सीची सर्वसामान्य विक्री बंद झाली. विदर्भात आणि सीमेपलीकडे माणसं, पोती आणि कोंबड्या एकत्र वाहून नेणारी काळी-पिवळी दर वर्षी कमी होते आहे. मँगनीज वाहिलेले जुन्या तोंडाचे ट्रक भंगारात जातात, आणि त्यांच्या लाकडी बॉड्या कुठल्याही कंपनीच्या नकाशात नाहीत, कारण त्या गावोगावच्या सुतारांनी आणि लोहारांनी बांधल्या होत्या. त्यांचं किट कुणी जपानी कंपनी काढणार नाही.

तेव्हा किट विकत घेण्याआधी एक काम करा. आपल्या गावात अशी एखादी गाडी अजून उभी असेल तर मालकाची परवानगी घेऊन तिला टेप लावा. दोन आसांमधलं अंतर, चाकाचा व्यास, दाराची उंची, काचेचा उतार, फळ्यांची संख्या आणि त्यांची रुंदी वहीत लिहा. चारही बाजूंनी सरळ समोरून छायाचित्र घ्या आणि प्रत्येकात एक फूटपट्टी उभी ठेवा. पाटीवरची अक्षरं कुणी रंगवली ते विचारा. पानावर गावाचं नाव आणि तारीख घाला. मॉडेल पुढच्या हिवाळ्यात केलं तरी चालेल, माप मात्र याच महिन्यात घ्या.